सासुरवाडीला नेलेलं वादळ

आधी कप खाली ठेवा बरं. मागच्या वेळी हा प्रकार सांगितला तेव्हा एकाने चहा नाकातून काढला होता, आणि तो माझा सख्खा चुलतभाऊ होता. माणूस चुकतो हो, कोण चुकत नाही? पण लोक चुकतात ते आपापल्या घरात, दार लावून. मी चुकलो ते सासुरवाडीत, ऐन मंडईच्या, म्हणजे तिकडच्या जत्रेच्या, तोंडावर, अख्ख्या गावाला कामाला लावून. तेही जवाईबापू म्हणून मिरवत असताना! आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. पण तुम्ही विषय काढलाच आहे, तर आता सांगूनच टाकतो.

माझं भद्रावतीला फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर नळ्यांमधल्या गॅसचा दाब मोजायचा, कमी असला तर भरायचा, हाच धंदा. त्यामुळे 'दाब' या विषयात आपल्याला जगात कोणी काही शिकवू शकत नाही, असा माझा पक्का समज होता. याच समजाने माझी माती केली.

दुसरं म्हणजे मला वादळांचा नाद. पत्त्यांचा नाद असला तर लोक समजून घेतात, सट्ट्याचा असला तर हळहळतात. वादळांचा नाद आहे म्हटलं की बायकोसुद्धा संशयाने बघते. मोबाइलवर आमचा एक ग्रुप आहे, 'चक्रीवादळ कट्टा'. त्याचे प्रमुख सावलीचे नागोसे सर, भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दुसरे कुरखेड्याचे मडावीभाऊ, त्यांचं औषधांचं दुकान. आणखीही काही जण आहेत, पण बोलणारे आम्ही तिघंच, बाकीचे नुसते अंगठे दाखवतात. बंगालच्या उपसागरात ढगांचा पुंजका गोळा झाला रे झाला की आमचे फोन तापतात. हवामानाचं हे मॉडेल काय म्हणतं, ते मॉडेल काय म्हणतं, वळणार की सरळ येणार!

आता एक खरं सांगू? वरवर आम्ही लिहितो, 'देव करो अन् हे वादळ विरून जावो.' आणि मनात? मनात प्रत्येकाला वाटत असतं, एकदा तरी यावं हो! समुद्र आमच्यापासून इतका लांब, की किनाऱ्यावर धिंगाणा घालून वादळ आमच्याकडे येईस्तोवर पार दमलेलं असतं. दोन दिवस आभाळ, थोडी झिमझिम, की संपलं. इतक्या वर्षांत एक धड वादळ वाट्याला आलं नाही. अशा माणसाच्या हाती बॅरोमीटर लागला तर काय होईल?

लागला! आमच्या इथल्या खाणीच्या वसाहतीतल्या एका साहेबांची बदली झाली. त्यांचा एसी मी बरीच वर्षं सांभाळला होता. जाताना म्हणाले, "हे तू घेऊन जा, तुला आवड आहे." भिंतीवरच्या घड्याळाएवढा गोल, पितळी कडा, हवेचा दाब दाखवणारा एकच काटा. आणि काट्याखाली इंग्रजीत कोरलेलं: फेअर, चेंज, रेन, आणि अगदी डाव्या टोकाला 'स्टॉर्मी'. म्हणजे वादळ! दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी त्या शब्दाकडे बघत बसायचो. काटा मात्र कधी तिकडे फिरकायचा नाही.

नागोसे सरांनी फोनवरून सांगत सांगत तो काटा भद्रावतीला बरोबर जुळवून दिला होता आणि बजावलं होतं, "एकदा भिंतीला लावला की हलवायचा नाही." मला वाटलं, काच फुटेल म्हणून सांगत असतील.

तर दिवाळी झाली. माझी सासुरवाडी कुरखेड्याच्या पुढे, घाट चढून वर. गावाला मोठा तलाव, भोवती धानाची खाचरं, आमच्या बोलीत बांध्या, मागे जंगल, आणि मोबाइलला रेंज फक्त तलावाच्या बांधावर, पाळीवर. तिकडे, झाडीपट्टीत, दिवाळीपेक्षा मोठी गोष्ट दिवाळीनंतर असते, ती म्हणजे मंडई. प्रत्येक गावाचा आपला दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी-जवाई येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात, नाटक असतं. आणि मुख्य म्हणजे सोयरिकी जुळतात. मुलगी बघायला वेगळा कार्यक्रम कशाला? पाहुणा म्हणून या, वडे खा, मुलगी बघा, पसंती सांगा.

यंदा माझ्या धाकट्या मेहुणीला, पूनमला, बघायला सावलीकडचे लांजेवार येणार होते, मुलासकट. खरं तर मुलामुलीचं बघायचं काही उरलं नव्हतं. पूनम गडचिरोलीला नर्सिंग शिकली, तिथेच हा नीलेश रक्त तपासायच्या कामाला. दोघांचं केव्हाच जमलेलं. घोडं अडलं होतं नीलेशच्या बापापाशी. लांजेवार म्हणजे मानापमानाचा भलता सोस असलेला माणूस. एका घरी पंगतीत पाणी उशिरा वाढलं म्हणून त्यांनी भाच्याची सोयरीक मोडली होती म्हणे! नीलेशने महिनोन्‌महिने विनवण्या केल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंडईले येतो. पोरगी पाहून तिथीच सांगतो. पन एक डाव बोलावनं फिरवलं, तर त्या घरची पायरी मी चढनार नाई."

पूनमचे मला फोनवर फोन. "भाऊजी, तुमी फक्त लवकर या. लांजेवार काकाजीच्या बाजूनं बसा, त्याइच्याशी गोड बोला. बाबाले तसं बोलता येत नाई. सगळं तुमच्यावर आहे."

"तू चिंताच नको करू," मी म्हटलं. "मी आहो ना!"

हे मी म्हटलं. माझ्याच तोंडाने.

आणि नेमकं त्याच आठवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं! एक मॉडेल म्हणे ओडिशाकडे जाणार. दुसरं म्हणे समुद्रातच विरणार. आणि एकच मॉडेल, बिचारं एकटंच, म्हणत होतं की आंध्रातून आत शिरून तेलंगणावरून थेट गडचिरोलीवर! मी कोणावर जीव टाकला असेल, सांगायला पाहिजे का?

निघताना माझ्या हातात टॉवेलात गुंडाळलेला बॅरोमीटर बघून मंगला, म्हणजे माझी बायको, दारातच थांबली.

"हे डबडं कायले घेऊन राह्यले?"

"डबडं नाई, यंत्र आहे. आता नाई न्यायचं तर केव्हा न्यायचं?"

"लोकं सासुरवाडीले मिठाई नेतात जी."

मंडईच्या आदल्या दिवशी गाड्या बदलत बदलत आम्ही कुरखेडा गाठलं. पुढे घाट लागला, गाडी वळणं घेत वर चढली, मंगलाला मळमळलं, आणि मी काय केलं? तिला लिंबू द्यायचं सोडून मांडीवरचा टॉवेल घट्ट धरून बसलो.

घरी पोचताच मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याचा खिळा जवाईच्या यंत्राला दिला. मी टॉवेल सोडला, यंत्र टांगलं, आणि काट्याकडे बघितलं.

अहो, काटा कोसळलेला! थोडाथोडका नाही. भद्रावतीला 'फेअर'वर पाय पसरून बसलेला काटा 'चेंज' ओलांडून, 'रेन' ओलांडून, थेट 'स्टॉर्मी'च्या पहिल्या अक्षराला टेकलेला. मी काचेवर बोटाने टकटक केलं. काटा थरथरला आणि केसभर आणखी खाली गेला. मी ओरडलोच. आता लाज सोडूनच बसलोय तर हेही सांगतो, ते भीतीने नव्हे. आनंदाने!

धावत तलावाची पाळ गाठली. काट्याचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'स्टॉर्मी!!! तयारीला लागा.' उत्तर यायला वेळ लागला नाही.

नागोसे सर: 'यंत्र पडलं का हातातून?'

मडावीभाऊ: 'माझ्या मोबाइलात तर दाब आहे तसाच आहे जी.'

मी: 'मोबाइलातलं खेळणं वेगळं, पितळी यंत्र वेगळं.'

नागोसे सर: 'काच पुसून पुन्हा वाच.'

काच पुसून! मला, दाबातल्या माणसाला! डोक्यात तिडीक गेली. मी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, अगदी भाषणाच्या सुरात: "ज्यांना इतिहास घडताना पाहायचा नसेल त्यांनी खुशाल झोपा काढाव्यात!" आणि तडकाफडकी ग्रुप सोडला. आपण भद्रावतीत नसून घाटावर, सासुरवाडीत आहोत, हे मी त्यांना सांगितलंच नाही. सुचलंच नाही हो. ते बिचारे मी दुकानात बसलोय असं धरून बोलत होते.

घरी आलो तर मामाजी अंगणात आभाळाकडे बघत उभे.

"जवाईबापू, आभाळ तर निरं साफ आहे."

"वादळाच्या आधी असंच साफ असते, मामाजी."

"वाराई नाई."

"वादळाच्या आधी वारा पडते."

"तलावावर बगळे निवांत बसून आहेत."

"त्याइच्यापाशी काय बॅरोमीटर आहे?"

मामाजी म्हणजे साधा माणूस. जवाई शिकलेला, शहरात दुकान असलेला, आणि जवाई. त्यांनी खांद्यावर दुपट्टा टाकला आणि मंडईच्या समितीला बोलवायला गेले.

थोड्या वेळाने निम्मं गाव आमच्या घरात. जो येई तो काचेवर टकटक करी. काटा हलेना. एक म्हातारेबुवा डोळे बारीक करून अगदी जवळ गेले.

"काट्याखाली हे काय लिवलं आहे जी?"

मी वाचून दाखवलं, "वादळ."

"छापलंच आहे?"

"छापलंच आहे."

"मंग प्रश्नच मिटला," म्हातारेबुवा म्हणाले आणि खाली बसले.

मंडई पुढे ढकलायचं ठरलं. अर्ध्या तासापूर्वी उभा राहत असलेला मंडप खाली यायला लागला. बांध्यांमध्ये कापून वाळत टाकलेलं धान गोळा करायला बायामाणसं धावली, भारे बांधले, ढीग रचले, त्यांवर ताडपत्र्या ओढल्या. नाटकवाल्यांना निरोप गेला. पाहुण्यांना फोन करायला तलावाच्या पाळीवर रांग लागली. आणि मी? मी कमरेवर हात ठेवून 'हे इकडे, ते तिकडे' करत फिरत होतो. इतका मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

पूनम मला गोठ्यापाशी गाठून म्हणाली, "भाऊजी, पक्कं ना?"

"म्हंजे काय?"

"बाबा आता लांजेवार काकाजीले नका येऊ म्हनून सांगाले चालले. एक डाव सांगतलं की संपलं. सकाळपावतर थांबू ना. सकाळी पाहू, मंग सांगू."

किती साधं बोलणं होतं पोरीचं! सकाळपर्यंत थांबायचं. पण मी तेव्हा जमिनीवर होतो कुठे? मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "पूनम, मानसाच्या जिवापुढं सोयरीक मोठी नाई."

तिने माझा हात डोक्यावरून बाजूला केला आणि आत गेली. मामाजी पाळीवर जाऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, "त्यायनं ऐकून घेतलं अन् फोन ठेवला. एक शब्द नाई बोलले."

मंडईचा दिवस उजाडला. आणि काय ऊन हो! पापड घालावेत असं ऊन! मी सकाळपासून रेनकोट घालून अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो, हातात बॅटरी, पायांत गमबूट. सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "जवाईबापू, रेनकोट तरी काढा जी. घामानं भिजून राह्यले."

दुपारपासून लोक यायला लागले. बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीवर विचारतात तसे विचारायचे, "कधी येते जी?" मी म्हणायचो, "रस्त्यात आहे." संध्याकाळपर्यंत मला म्हणायलाही काही उरलं नाही. आभाळात औषधाला ढग नव्हता. घरोघरी पाहुण्यांसाठी आधीच तळून ठेवलेले वडे घरचेच लोक मुकाट्याने खात होते. पोरं मंडप उतरवलेल्या जागी लोळत होती, त्यांना पाळणे पाहिजे होते, फुगे पाहिजे होते. कोणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

पूनमने मला जेवायला वाढलं, पण त्या दिवशी तिने मला एकदाही 'भाऊजी' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाळीवर गेलो. बातम्यांत होतं, वादळ समुद्रातच विरलं. आणि पाळीच्या दुसऱ्या टोकाला पूनम बसलेली, फोन मांडीवर, डोळे लाल. मंगला तिच्या शेजारी.

"नीलेशचा फोन होता," मंगला म्हणाली. "त्याचे बाबा म्हनतात, पोरीच्या बापाले मोठं घर भेटलं असन. वादळाचं नुसतं निमित्त. आता त्या घरचं नावच नाई काढाचं."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या मामाजींनी साऱ्या जन्मात कोणाला फसवलं नाही, त्यांच्यावर हा आळ! आणि पूनमचं जमलेलं लग्न माझ्या हौसेपायी मोडलेलं! मी म्हटलं, "मी जातो सावलीले. आत्ता जातो."

मामाजींनी खिळ्यावरचं यंत्र काढून माझ्या हातात दिलं. "हेई न्या. पाहून तरी त्याइले पटन."

तर मी परत गाडीत. या वेळी टॉवेल नाही, काही नाही, यंत्र तसंच मांडीवर. घाट उतरायला लागला. मी उगाच खाली बघितलं, तर काटा हललेला. वाटलं, गाडीच्या हादऱ्याने. आणखी एक वळण गेलं. काटा आणखी वर. 'रेन'. पुढच्या वळणाला रेनच्याही पुढे. गाडी खाली, काटा वर. गाडी आणखी खाली, काटा आणखी वर! घाटाच्या पायथ्याशी गाडी टेकली तेव्हा काटा 'फेअर'च्या तोंडाशी येऊन बसला होता, जणू काही झालंच नाही.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. असा उजेड शत्रूच्याही डोक्यात पडू नये!

जितकं उंच जावं तितका हवेचा दाब कमी. शाळेत घोकलेलं! वादळ आलंच नव्हतं. मी घाट चढलो होतो. बस्स, एवढंच झालं होतं! मी गाडीत बसून घाट चढलो आणि वर जाऊन जाहीर केलं की हवेचा दाब कमी झालाय, पळा!

"तब्येत बरी नाई का भाऊ?" कंडक्टरने विचारलं. माझा चेहराच तसा झाला असणार.

मी सावलीपर्यंत एकच ठरवत गेलो, ही गोष्ट कोणाला कळू द्यायची नाही. लांजेवारांना सांगायचं, वादळ ऐनवेळी वळलं. वादळं वळतातच की! माझी अब्रू राहील, मामाजींची राहील, सगळं गोड होईल.

लांजेवार ओसरीत सुपारी कातरत बसले होते. 'या' म्हणाले. पाणी आलं. चहा आला. नीलेश दाराला टेकून उभा होता, दोन दिवस जेवला नसावा असा. मी चहाला हात लावणार तेवढ्यात लांजेवार म्हणाले, "वादळ कुठी गेलं?"

"वळलं जी. ऐनवेळी वळलं."

"कुठी वळलं?"

"समुद्रात."

"आमच्या नागोसे गुरुजीनं तर आधीच सांगतलं होतं, येत नाई म्हनून. साऱ्या सावलीले मालूम होतं. तुमच्याच गावाले काऊन नाई मालूम?"

मी चहाकडे नेलेला हात मागे घेतला. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"पाहा जवाईबापू, मी सरळ मानूस. याच्यातून दोनच गोष्टी निंगतात. एक तं तुमचे मामाजी खोटे, त्याइले दुसरं मोठं घर भेटलं. नाई तं तुमी बह्याड. यातलं खरं कोनतं ते सांगा, अन् मंग चहा प्या."

मी कपाकडे बघितलं. नीलेशकडे बघितलं. पाळीवर बसलेली पूनम डोळ्यांसमोर आली.

"मी बह्याड," मी म्हटलं.

"काय?"

"मी बह्याड आहो जी."

आता वाटेल की सुटलो. कुठलं? लांजेवारांनी मान हलवली. "मामाजीले वाचवून राह्यले. संस्कार चांगले आहेत. पन दुकान चालवनारा शिकलेला मानूस इतका बह्याड नसते."

म्हणजे बघा माझी अवस्था! माणसं आपली हुशारी पटवून द्यायला झटतात. मी सावलीच्या एका ओसरीत घाम गाळत आपला मूर्खपणा पटवून देत होतो, आणि समोरचा ऐकायला तयार नाही! मी सगळं सांगितलं. घाट, काटा, टॉवेल.

"म्हंजे तुमी चढले, म्हनून काटा पडला?"

"हाव."

"अन् तुमी आभाळ नाई पाह्यलं?"

"पाह्यलं."

"साफ होतं?"

"निरं साफ होतं."

"मंग?"

"मी म्हटलं, वादळाच्या आधी साफच असते."

लांजेवारांनी पुन्हा अडकित्ता उचलला. "नाई पटत," म्हणाले. "कोनी साक्षीदार आहे?"

मी नागोसे सरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कोण? ग्रुप सोडून गेलेले? बोला, काय इतिहास घडला?"

"सर, मी लांजेवारांच्या ओसरीतून बोलतोय, तेही ऐकताहेत. त्या दिवशी मी भद्रावतीत नव्हतो. घाटावर होतो, सासुरवाडीला."

सर हळूच म्हणाले, "यंत्र घेऊन?"

"हो सर."

"घाट चढून?"

"हो सर."

फोनमधून कसलासा घरघर आवाज यायला लागला. मला वाटलं रेंज गेली. सर हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला, मग म्हणाले, "लांजेवारभाऊ, मी जन्मभर पोरांना हा धडा शिकवला. विसरले पुष्कळ. पण इतकं मन लावून कोणीच विसरलं नाही."

"म्हंजे गुरुजी, हा मानूस खरंच...?"

"खरंच. माझ्याकडे याचा आवाज आहे, थांबा."

आणि लांजेवारांच्या ओसरीत माझाच आवाज घुमला, भाषणाच्या सुरात: "ज्यांना इतिहास घडताना पाहायचा नसेल..." घरातल्या बाया पदर तोंडाला लावून दारात आल्या. नीलेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. मी मान खाली घालून चहातली साय बघत होतो. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

लांजेवारांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण माणूस चिकट. म्हणाले, "आता घरच्याइले विचारा."

मंगला पाळीवरच वाट बघत असणार. मी फोन लावला. "मंगला, लांजेवार काकाजी विचारून राह्यले, मी बह्याड आहो का?"

तिने विचार करायला श्वासाचाही वेळ घेतला नाही. "आत्ता समजलं का त्याइले?"

झालं! लांजेवार जे सुटले! मांडीवर थापा मारत, डोळे पुसत, खोकत हसले. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं, ते त्यांनी हसण्याच्या भरात माझ्या अंगावर सांडलं. शांत झाल्यावर मात्र एकदम गंभीर झाले.

"पाहा," म्हणाले, "असा जवाई ज्या घरानं सांभाळला, अन् वरून त्याचा मान ठेवून मंडई बी थांबवली, त्या घरात मानसाची कदर आहे. माह्या पोराले असंच घर पायजे. सांगा मामाजीले, येतो म्हना."

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं बहुतेक.

मंडई झाली, नव्या दिवशी, धूमधडाक्यात. लांजेवार आले, मी त्यांच्या बाजूला बसलो. गोड बोलायची गरजच पडली नाही, ते माझ्याकडे बघूनच खुशीत होते. पूनमने वड्यांचं ताट आणलं आणि आधी माझ्यासमोर ठेवलं. "घ्या भाऊजी," म्हणाली. मी म्हटलं, "माफ कर पोरी." ती म्हणाली, "खा आधी," आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची होती वड्यात, असं मी सर्वांना सांगितलं.

पुढे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मांडव भरलेला, दोन्हीकडचे पाहुणे बसलेले. दाराचं तोरण एका बाजूने सुटलं होतं. म्हटलं, आपण घरचे जवाई, एवढं तरी काम आपल्या हातून नीट होऊ द्या. स्टूल घेतलं आणि वर चढलो.

तेवढ्यात मांडवाच्या त्या टोकाहून लांजेवार ओरडले, "ओ जवाईबापू! उतरा जी खाली! कायले वादळ आनून राह्यले?"

सगळा मांडव फुटला. साक्षगंधाची साडी नेसून बसलेली पूनम सगळ्यांत जास्त हसली. आणि मी काय केलं असेल?

अहो, उतरलो! तोरण तसंच लोंबतं ठेवून, गुपचूप खाली उतरलो!